दोन स्ट्रोक गाडीचे, अर्जदाराचे नव्हेत

प्रति,
मा. मुख्य नोंदणी अधिकारी,
वाहन व चालक एकत्रित नोंदवही कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक तीनच्या मागील खोली.

विषय : हलकी दुचाकी, १२५ सीसी, हिच्यासंबंधीची ‘दोन स्ट्रोक’ ही नोंद अर्जदाराच्या आजारपणाच्या रकान्यातून काढून इंजिनाच्या रकान्यात घेणे, जप्त गाडी २८ तारखेपूर्वी परत मिळणे, तसेच अन्य एका विनंतीबाबत.

संदर्भ : १) आपले परवाना स्थगितीचे पत्र.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज, त्यांपैकी दोन आपल्याकडे सापडत नाहीत.
३) आपल्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल.
४) आपले दि. १४ चे पत्र.

महोदय,

१. अर्ज कसा लिहावा याविषयी आपल्या छापील सूचनांमध्ये सातवी सूचना अशी आहे की अर्जात ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ हे शब्द येऊ नयेत, अर्जदाराने स्वतःचा उल्लेख ‘अर्जदार’ असाच करावा. मागचा अर्ज याच कारणासाठी परत आला होता. तेव्हा या अर्जात जो माणूस जिने चढतो, चिडतो आणि शेवटी ज्याला स्वतःचीच शिसारी येते, तो अर्जदार समजावा. अर्जदाराचे वय एकाहत्तर, धंदा निवृत्त फिटर, पिस्टन विभाग. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि जीभ चालू स्थितीत आहेत. जिभेबद्दल खिडकी क्रमांक तीनचे लिपिक खात्री देतील.

२. गेल्या वर्षी आपण वाहनांची नोंदवही आणि चालकांची नोंदवही एकत्र करून संगणकात घातली. ते करताना अर्जदाराच्या ओळीतले रकाने जागचे सरकले आणि गाडीची सगळी माहिती मालकाच्या अंगाला चिकटली. ‘इंजिनाचा प्रकार : दोन स्ट्रोक’ ही नोंद ‘पूर्वीचे गंभीर आजार’ या रकान्यात गेली. ‘इंधन : पेट्रोल व तेल, मिश्रण’ ही नोंद ‘व्यसने’ या रकान्यात बसली. ‘थंड होण्याची पद्धत : हवेने’ हे ‘सध्याची प्रकृती’ या मथळ्याखाली आले आणि टाकीवरचा पिवळा पट्टा अर्जदाराच्या ‘ओळखीच्या खुणे’त लागला. ‘सिलिंडर : एक’ हे ‘पत्नी’ या रकान्यात गेले. या सर्व प्रकारात तेवढी एकच नोंद बरोबर आहे. ही ओळ आपल्या चार कर्मचाऱ्यांनी वाचून तिच्यावर चार सह्या केल्या, आणि पेट्रोल पिणारा, हवेने थंड झालेला मनुष्य जिवंत कसा, अशी शंका चौघांपैकी एकालाही आली नाही. गाडी चार स्ट्रोकची असती तर आपण अर्जदारास मयत दाखवून मोकळे झाला असता.

३. हे अर्जदारास कळले ते परवान्याच्या नूतनीकरणाच्या दिवशी. खिडकी क्रमांक तीनच्या लिपिकांनी पडद्याकडे पाहून विचारले, “पक्षाघाताचे दोन झटके येऊन गेलेत तुम्हाला. इथवर आलात कसे?” अर्जदाराने खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितले, “हिच्यावरून.” लिपिक म्हणाले, “हे तुम्ही सांगायला नको होतं.” त्यांनी लगेच एक गुलाबी कागद भरला आणि गाडी आवारात जमा झाली. ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही असे आपले म्हणणे आहे, त्याच्याकडूनच ती आवारापर्यंत चालवून घेण्यात आली. तिथे मागे वळताना पहारेकऱ्याने “छान वळवली हो” अशी दादही दिली. अर्जदार बसने घरी गेला.

४. त्यानंतर अर्जदाराने आपल्या कार्यालयात एकोणीस खेपा घातल्या. त्या खेपांत जे पाहिले ते लिहिण्याची गरज नाही, पण ते पोटात ठेवूनही चालत नाही. खिडकी क्रमांक तीनवर तिकिटे ओली करायचा स्पंज आहे, त्याच्यावर हिरवी बुरशी आली आहे आणि लिपिक त्यात बुडवलेल्या बोटानेच बिस्कीट खातात. गोंदाच्या बाटलीत एक माशी आहे. ती पहिल्या खेपेला होती, एकोणिसाव्या खेपेलाही होती, आणि तोच गोंद अर्जदाराच्या दुसऱ्या अर्जाला लागला आहे. तिसऱ्या अर्जावर चहाच्या कपाचे दोन गोल उमटले होते, म्हणून तो ‘अस्पष्ट’ असा शेरा मारून परत करण्यात आला. कारखान्यात पंचवीस वर्षे अर्जदाराचे हात तेलात होते, परंतु त्या तेलाची त्याला कधी किळस वाटली नाही.

५. चौथ्या अर्जानंतर आपण अर्जदारास वैद्यकीय तपासणीस पाठविले. आपल्या डॉक्टरबाई तरुण आणि सभ्य आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी अर्जदारास नाकाला बोट लावायला सांगितले, एका रेषेवरून चालायला सांगितले, दात दाखवायला सांगितले. अर्जदाराने सर्व केले. मग त्यांनी संकोचून विचारले, “पेट्रोल अजून घेता का?” अर्जदाराने त्यांना रकाने कसे सरकले ते समजावले. इंजिनाचा स्ट्रोक म्हणजे काय ते टेबलावरची पट्टी आणि कापसाची डबी घेऊन दाखवले, आणि आपल्याला कधीही कोणताही झटका आलेला नाही हे तीनदा सांगितले. अहवालात त्यांनी लिहिले आहे : ‘शरीरावर झटक्याचे कोणतेही चिन्ह नाही. तथापि आपल्याला झटका आला हेच रुग्णास मान्य नाही, आणि या आजारात असे होऊ शकते.’ या वाक्यापुढे अर्जदाराने हात टेकले.

६. आपल्या दि. १४ च्या पत्रात दोन बाबी आहेत. पहिली, ‘चूक तत्त्वतः मान्य असून, सदरहू शब्द वाहनाचा की मालकाचा याची खातरजमा होण्यासाठी अर्जदाराने वाहनाचा इतिहास स्वतःच्या शब्दांत सादर करावा. तो समाधानकारक वाटल्यास दुरुस्तीचा आदेश काढून वाहन मुक्त करण्यात येईल. अन्यथा २८ तारखेस आवारातील सर्व बेवारस वाहनांसह ते मोडीत काढून दाबले जाईल.’ दुसरी बाब पुढे येईल. आधी इतिहास.

७. ही गाडी मोठ्या लढाईनंतरच्या टंचाईत जन्मली. लोखंड मोजून मिळत होते आणि लोकांना कामाला तर जायचे होते. कारखान्याच्या थोरल्या साहेबांनी परदेशातली एक लहानशी दुचाकी कुठूनतरी मिळवली, चादरीवर तिचे तुकडे मांडले आणि प्रत्येक तुकड्याचे चित्र काढायला लावले. एका आरेखकाने पारदर्शक कागदावर गिरवताना कागद उलटा धरला. महिनाभराने लक्षात आले की आपली गाडी आरशात दिसावी तशी झाली आहे, गिअरचा दांडा डावीकडचा उजवीकडे आला आहे. साचे तयार झाले होते. साहेब म्हणाले, “चालते का?” चालत होती. मग तशीच ठेवली. म्हणजे कागदावरची चूक या गाडीला नवी नाही. फरक इतकाच की त्या चुकीतून लाखो माणसांना गाडी मिळाली, आणि आपल्या चुकीमुळे एकाची गेली.

८. तिचे छापील नाव कोणी घेतले नाही. सुरू केल्यावर टिर्र टिर्र असा तक्रारखोर आवाज काढते, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. एक सिलिंडर, तीन गिअर, वजन ऐंशी किलो. दोन माणसांनी उचलून जिन्यावरून घरात न्यावी अशी, आणि लोक नेतही. तारवाले, सुईणी, शाळा तपासनीस, पाववाले, पियानोचे सूर लावणारे, ज्यांना ज्यांना दुसऱ्याच्या दारापर्यंत जायचे होते ते सारे तिच्यावरून गेले. तिला वेग नव्हता आणि तो असल्याचे तिने कधी भासवलेही नाही. अर्जदाराची पत्नी लग्नानंतर तिच्याच मागच्या आसनावर बसून नव्या घरी आली. उतरल्यावर तिचे पहिले वाक्य होते, “माझ्या पातळाला कसला वास येतोय?” तो मिश्रणाचा वास होता. तो पुढे कधी गेला नाही.

९. आता स्ट्रोक. ही बाब आपण कृपया मोठ्याने वाचावी, म्हणजे शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल. सिलिंडरमध्ये पिस्टन असतो. तो वर जातो, हा एक स्ट्रोक. तो खाली येतो, हा दुसरा. या एका ये-जेत तो मिश्रण आत घेतो, दाबतो, पेटवून घेतो आणि धूर बाहेर टाकतो. झडपा नाहीत. पिस्टन स्वतःच भिंतीतली भोके उघडतो आणि झाकतो. चार स्ट्रोकवाले याच कामाला दुप्पट फेऱ्या घालतात. वंगण म्हणून तेल थेट पेट्रोलमध्येच घालायचे, वीस मापांना एक माप, आणि ते माप टाकीच्या झाकणालाच खाली जोडलेले असते. ते तेल जळते, म्हणून मागून निळा धूर निघतो. या धुराबद्दल पुढे लिहावे लागणार आहे, म्हणून त्याचा इथे उल्लेख केला.

१०. अर्जदाराचे काम पिस्टन बसवण्याचे. मोजमाप यंत्राने होई, पण शेवटची परीक्षा हाताची. कोरडा पिस्टन कोऱ्या सिलिंडरमध्ये सोडायचा आणि तो स्वतःच्या वजनाने खाली उतरताना पाहायचा. झपकन गेला तर सैल, अडकला तर घट्ट. दमलेला माणूस खुर्चीत बसतो तसा सावकाश उतरला पाहिजे. अर्जदाराने पंचवीस वर्षांत असे अडीच लाखांच्या आसपास पिस्टन उतरताना पाहिले. हल्ली काही हौशी लोक दाराशी येतात, गाडीचे फोटो काढतात आणि तिला ‘गोंडस’ म्हणतात. त्यांच्यापैकी एकाला टाकीत तेल किती घालायचे ते माहीत नव्हते. त्याला अर्जदाराने बाहेर काढले. ती गोंडस नाही. ती कामाची आहे, आणि जिने काम केले तिला भिंतीवरच्या चित्रासारखे पाहणे अर्जदारास ओंगळ वाटते.

११. इतिहासाचा शेवट अर्जदाराच्या घरातला आहे, आणि तो लिहिताना पेन जड होते. अर्जदाराचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात आरेखन खात्यात होता. धुराविरुद्ध नवे नियम आले तेव्हा वरच्यांनी त्याला विचारले, या इंजिनाचा धूर थांबवता येईल का. त्याने एक पानी टिपण लिहिले. त्याचे शेवटचे वाक्य अर्जदारास पाठ आहे : ‘या रचनेत थांबणार नाही.’ तीन महिन्यांत टिटवीचा विभाग बंद झाला आणि तीनशे माणसे घरी बसली. धाकट्याला चार स्ट्रोकच्या विभागात मेज मिळाले. त्या संध्याकाळी तो अर्जदाराकडे जेवायला आला होता. अर्जदाराने त्याला ताटावरून उठवले आणि सांगितले, “पुन्हा तोंड दाखवू नकोस.” त्याने दाखवले नाही. सव्वीस वर्षे. तो बसच्या चार थांब्यांवर राहतो. त्या थांब्यावर बस थांबली की अर्जदार दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाही. इतका तिटकारा त्याने आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही, आपल्या कार्यालयाचाही नाही.

१२. गाडीची आजची अवस्था. दि. ९ रोजी पहारेकऱ्यास विनवून अर्जदार आवारात शिरला. ती भिंतीलगत उभी आहे आणि तिच्यावर दोन स्कूटर रेलून ठेवल्या आहेत. आसन फाडले आहे, आतला काथ्या बाहेर आला आहे. हवेच्या जाळीत उंदराने घर केले आहे, त्यात आपल्याच कार्यालयाचे गुलाबी कागद कुरतडून अंथरले आहेत. भिंतीचा तो कोपरा आपले कर्मचारी कशासाठी वापरतात हे नाकाला लगेच समजते आणि तिच्या मागच्या चाकाचे आरे तेवढ्याच उंचीपर्यंत गंजले आहेत. अर्जदाराने खिशातल्या रुमालाने ते पुसले. रुमाल तिथेच टाकून दिला. पहारेकरी म्हणाला, “आजोबा, अठ्ठावीसला दाबयंत्र येणार आहे. एवढीशी होईल.” त्याने दोन्ही हातांनी पावाच्या लादीएवढे माप दाखवले. तो वाईट मनुष्य नव्हे, त्याला आकार सांगायचा होता. अर्जदार मात्र फाटकाबाहेर येऊन गटाराजवळ ओकला.

१३. आता दुसरी बाब. आपल्या नियमाप्रमाणे चालक गंभीर आजारी ठरला की त्याच्या नजीकच्या नातलगास सूचना जाते, म्हणजे वाहन त्या धडधाकट नातलगाच्या नावे करता यावे. अर्जदारास मूल नाही. आपण सूचना धाकट्या भावाला पाठविली. अर्जदारास विचारले असते तर त्याने सांगितले असते की पाठवू नका, तो आमच्यासाठी मेला. आपण विचारले नाही.

१४. गेल्या महिन्याच्या १३ तारखेला, मंगळवारी, सकाळी दहा वाजता दार वाजले. पत्नीने उघडले. अर्जदार त्या वेळी स्टुलावर उभा राहून पडद्याची दांडी बसवत होता, तोंडात दोन खिळे होते. दारात धाकटा उभा. केस पूर्ण पांढरे, हातात एक नवी काठी, तिच्यावरची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही, आणि पिशवीत हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू. तो म्हणाला, “दादा, कागद आला मला.” अर्जदाराने खिळे तोंडातून काढले. चूक आहे म्हणून सांगायचे होते, आणि चालता हो म्हणून सांगायचे होते, दोन्ही वाक्ये तयार होती. परंतु चूक आहे असे सांगितले असते तर तो ‘बरं’ म्हणून जिना उतरला असता, आणि पुढची सव्वीस वर्षे दोघांपैकी कुणाकडेच शिल्लक नाहीत. अर्जदार स्टुलावरून उतरला, आणि उतरताना त्याने डावा पाय थोडा ओढला. हे त्याने का केले ते त्याला त्या क्षणी ठाऊक नव्हते. धाकटा म्हणाला, “बस, बस. उभा राहू नकोस.”

१५. तेव्हापासून तो दर मंगळवारी येतो. अर्जदाराचा डावा हात मांडीवर घेतो, एकेक बोट दाबतो, मग चेंडू देतो आणि वीसपर्यंत मोजतो. जो हात एका हिसक्यात अडकलेला पिस्टन बाहेर काढतो, तो हात अर्जदार खुळ्यासारखा लुळा सोडून बसतो. आपल्या कार्यालयात जो माणूस ‘मला काही झालेले नाही’ म्हणून टेबलावर मूठ आपटतो, तोच मंगळवारी सकाळी आरशासमोर तोंड वाकडे करून पाहतो. याची अर्जदारास मनापासून घाण वाटते. पत्नीला सुरुवातीपासून सगळे माहीत आहे. ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसते. एकदा अर्जदार तिच्यावर चिडला तेव्हा ती म्हणाली, “हातासाठी का होईना, येतोय ना? येऊ दे. मला माझा दीर बघायला मिळाला.” आणि हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आले.

१६. चौथ्या मंगळवारी चेंडू दाबता दाबता धाकटा एकाएकी म्हणाला, “त्यांनी विचारलं होतं, धूर थांबेल का. मी काय लिहायला हवं होतं, दादा?”
अर्जदार म्हणाला, “थांबेल म्हणून लिहायचंस.”
“थांबला असता?”
अर्जदाराने चेंडू अकरा वेळा दाबला. “नाही,” तो म्हणाला.
धाकट्याने पुढचा आकडा मोजला, बारा. त्याच्या टिपणात एकही अक्षर खोटे नव्हते हे अर्जदारास तेव्हाही माहीत होते. रात्रपाळीत चाचणीच्या खोलीतला धूर खाऊन अर्जदार स्वतः कित्येक वर्षे खोकत असे. सव्वीस वर्षे ज्या रागावर तो जगला, तो राग त्याला त्या दिवशी शिळ्या अन्नासारखा लागला.

१७. मग आपले दि. १४ चे पत्र आले. पहिली बाब वाचून अर्जदाराने पत्नीला हाक मारली आणि खुर्चीवरून उठून घरभर फिरला. दुसरी बाब पत्नीने वाचली : ‘दुरुस्तीच्या आदेशाची प्रत, मूळ सूचना ज्यांना ज्यांना गेली होती त्या सर्वांना, विशेषतः नजीकच्या नातलगास, टपालाने पाठविण्यात येईल.’ ती म्हणाली, “म्हणजे भावजींना. मग मंगळवारी काय सांगणार?” अर्जदार म्हणाला, “मीच सांगीन. कागद जाण्याआधी.” तसा त्याचा ठाम निश्चय होता.

१८. काल, १८ तारखेस, मंगळवारी, तो आला. सांगायचे म्हणून अर्जदाराने घसा साफ केला. त्या वेळी धाकटा पत्नीने दिलेला चहा पीत होता, त्याचा चष्मा कोटात राहिला होता आणि कोट अर्जदाराच्या खुर्चीवर होता. तो म्हणाला, “दादा, खिशातला चष्मा दे जरा.” खिशात चष्म्यासोबत आपली मूळ सूचना होती, चार घड्या केलेली. अर्जदाराने ती उजव्या हाताने, आणि खरे सांगायचे तर डाव्या हाताने, उलगडली.

१९. आरेखन खात्यात एक रीत आहे. तपासलेल्या प्रत्येक मोजमापाशेजारी शिसपेन्सिलीने एक बारीक बरोबरची खूण करायची आणि शेवटी आद्याक्षरे व तारीख घालायची. धाकट्याने आपल्या सूचनेवर ते केले आहे. ‘गंभीर आजार : दोन स्ट्रोक’ यापुढे बरोबरची खूण. ‘व्यसने : पेट्रोल व तेल, मिश्रण’ यापुढे खूण आणि बाजूला ‘वीसास एक’. ‘प्रकृती : हवेने’ यापुढे खूण. ‘ओळखीची खूण : पिवळा पट्टा’ यापुढे त्याने फुली मारून ‘पट्टे दोन’ अशी दुरुस्ती केली आहे, आणि ती योग्य आहे. खाली ‘तपासले’, आद्याक्षरे आणि तारीख. तारीख गेल्या महिन्याची १२ आहे. तो पहिल्यांदा आला १३ तारखेला.

२०. म्हणजे हे वर्णन गाडीचे आहे, हे काठी विकत घेतली तेव्हाच त्याला माहीत होते. स्टुलावर, तोंडात खिळे धरून उभा असलेला भाऊ दिसला तेव्हाही माहीत होते. सहा मंगळवार तो एक धडधाकट हात मांडीवर घेऊन दाबत बसला आहे. अर्जदाराने कागदाच्या चारही घड्या जशाच्या तशा घातल्या, तो खिशात ठेवला आणि चष्मा त्याला दिला. धाकट्याने चष्मा पुसला आणि विचारले, “काय सांगत होतास?” अर्जदार म्हणाला, “काही नाही. पाय दुखतोय जरा.” त्याने खुर्ची जवळ ओढली.

२१. सबब आपणांस विनंती की :

(अ) वरील इतिहास ग्राह्य धरून ‘दोन स्ट्रोक’ ही नोंद इंजिनाच्या रकान्यात घ्यावी आणि गाडी दि. २८ पूर्वी मुक्त करावी. उंदराचे घर अर्जदार स्वतः काढील.

(ब) दुरुस्तीच्या आदेशाची प्रत धाकट्या भावास पाठवू नये. त्याला त्यातून नवे काहीच कळणार नाही. पण आपला कागद आला की ‘बरा झालास तर’ एवढे बोलणे त्याला भाग पडेल आणि ‘हो’ म्हणणे अर्जदारास भाग पडेल. त्यानंतर नुसते भाऊ म्हणून एकमेकांच्या दारात उभे राहण्याची हिंमत दोघांतही नाही. असती तर सव्वीस वर्षे गेली नसती.

(क) प्रत पाठवल्यावाचून दुरुस्ती करता येत नाही असाच नियम असेल, तर दुरुस्ती करू नये. ते दोन्ही स्ट्रोक अर्जदाराच्या नावे राहू द्यावेत, परवाना रद्द करावा आणि गाडी नजीकच्या धडधाकट नातलगाच्या, म्हणजे धाकट्याच्या नावे करावी. चार स्ट्रोकवाला असला तरी टिटवी त्याला चालवता येते, ती त्याला अर्जदारानेच शिकवली. अर्जदार मागे बसेल.

खोटी नोंद राहू द्या असे लिहून देताना अर्जदाराच्या तोंडाला कडवट चव येते, परंतु त्याने पूर्ण शुद्धीत आणि दोन्ही हात शाबूत असताना ते लिहिले आहे. येत्या मंगळवारी २५ तारीख आहे. सकाळी दहाला तो येईल आणि अर्जदार डावा हात पुढे करील. त्याआधी आपला लिफाफा त्याच्या दारात पडू नये.

आपल्या दप्तरी आजारी आणि घरी ठणठणीत,
(सही)
अर्जदार
निवृत्त फिटर, पिस्टन विभाग
दिनांक : १९

सोबत :
१) परवाना स्थगितीच्या पत्राची प्रत.
२) डॉक्टरांच्या अहवालाची प्रत.
३) गाडीच्या जुन्या हस्तलिखित नोंदीचा उतारा, रकाने योग्य जागी असलेला.
४) भावाचा पत्ता जोडलेला नाही. तो आपल्याकडे आहे, तो कृपया खोडावा.